दहा हजार हंगाम आणि निफाड गारठा

"अप्पा, तुमचं यंत्र आधीच सांगतंय की आमचा संघ शेवटी येणार, तर मग आम्ही खेळायचं तरी कशाला?"

प्रश्न माझ्याही मनात होता, पण तो अप्पांच्या तोंडावर विचारायची पैज माझ्या संघातल्या हिना आणि प्रांजलनं लावली होती. अप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. द्राक्षांवर भुरी (पानांवर पांढरी पावडर पसरवणारा रोग) कधी येईल, याचे अंदाज बांधण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या लीगसाठी अंदाजयंत्र बनवलं. त्यांना उलट प्रश्न कोणी विचारत नाही. मागच्या वर्षीची मी असते, तर त्यांच्या खोलीखालच्या पॅकहाउसच्या (द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेडच्या) जिन्यावरूनच परत फिरले असते. पण आता मी नववीत आहे आणि एका संघाची चालक आहे.

आमची लीग अमेरिकन फुटबॉलची, पण ती आभासी (प्रत्यक्षात नसलेली, फक्त संगणकात घडणारी) आहे. खेळाडू संगणकातले, डावपेच शाळांतल्या मुलांचे. अंडाकृती चेंडू घेऊन पुढे पळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच, नाहीतर तो समोरच्यांना. आमच्या गोदा गटात चार संघ आहेत: मनमाड इंजिन, सिन्नर वादळ, चांदवड चित्ते आणि आमचा निफाड गारठा. हे नाव का, ते डिसेंबरात निफाडला येऊन बघा.

हंगाम सुरू व्हायला आठ दिवस होते आणि अंदाजयंत्राचा तक्ता लागला होता. गारठ्यापुढे प्रत्येक क्रमांकाची शंभरातली शक्यता लिहिली होती: पहिला ४, दुसरा १५, तिसरा २९, चौथा ५२.

"चौथ्यात बावन्न म्हणजे पास की आपण," प्रांजल म्हणाली. "पहिल्यात तेवढे नापास."

एरवी मी खूप हसले असते. पण मनमाडची चालक ऋतुजा वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला चालली होती आणि तिनं तिची जागा मला देऊ केली होती. मनमाडचा पहिल्याचा आकडा होता अठ्ठावन्न. गटात पहिल्या येणाऱ्या संघाच्या चालकाला बंगळुरूच्या उन्हाळी विज्ञान शिबिरात जागा मिळते, आणि ते शिबिर मला सहावीपासून हवं आहे. त्याच संध्याकाळी सहापर्यंत उत्तर कळवायचं होतं. आईबाबांचं मत पडलं होतं की मनमाड घे, विचार कसला करतेस. हिना म्हणाली, तू गेलीस तरी आम्ही गारठ्यातच आहोत. हे म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून खराखुरा अंडाकृती चेंडू काढला, माझ्या हातात खडू दिला आणि कमरेच्या उंचीवरून चेंडू वीस वेळा सोडायला सांगितला. जिथे थांबेल तिथे फुली मारायची. गोल चेंडू सरळ वर उडतो. हा मात्र टोकावर पडला तर एकीकडे पळतो, पोटावर पडला तर दुसरीकडे. एकदा तो टेबलाखाली गेला, एकदा माझ्याच पायावर आला.

"एकविसाव्या वेळी कुठे जाईल?" अप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, सांगता येत नाही.

"काहीच सांगता येत नाही?"

मी फरशीकडे पाहिलं. तिथे जरासा उतार असावा, कारण तेरा फुल्या दाराच्या बाजूला होत्या. मी म्हटलं, बहुधा दाराकडे.

"बहुधा. हा शब्द नीट वापरायला शिकण्यात माझी नोकरी संपली, केतकी."

मग त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि समोरची पांढरी भिंत उजळली. अंदाजयंत्र काय करतं ते मला तेव्हा कळलं. ते भविष्य पाहत नाही. ते आमचा आख्खा हंगाम खेळून बघतं. प्रत्येक उडीला, प्रत्येक झेलाला मनातल्या मनात फासे टाकतं, सगळे सामने संपवतं, गटाचा तक्ता लिहून ठेवतं. मग सगळं पुसून पहिल्या दिवसापासून पुन्हा खेळतं, वेगळे फासे टाकून. असं दहा हजार वेळा. याला सिम्युलेशन (खऱ्यासारखी नक्कल चालवून बघणं) म्हणतात.

भिंतीवर ठिपके उमटू लागले. एक ठिपका म्हणजे एक पूर्ण हंगाम. आम्ही चौथे तर करडा, तिसरे तर पिवळा, दुसरे तर हिरवा, पहिले तर निळा. भिंत भरत गेली, छतापर्यंत गेली. करडे ढीगभर होते, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्यामध्ये इथे एक, तिथे दोन, निळे ठिपके होते. चारशे बारा.

मी एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तो हंगाम उघडला. त्यात आम्ही पहिले तीन सामने हरलो होतो. मग सिन्नरशी बरोबरी. मग ओळीनं सात विजय, आणि शेवटच्या सामन्यात मनमाडवर एका गुणानं मात. हे कधीच घडलं नव्हतं, तरी त्यात प्रत्येक आठवड्याचा गुणफलक होता. एवढे हंगाम, आणि एकाही हंगामातल्या गारठ्याला माहीत नाही की शेजारच्या ठिपक्यात काय झालं.

"यातला कुठलाही घडू शकतो," अप्पा म्हणाले. "घडणार एकच. कुठला, ते यंत्राला माहीत नाही, मलाही नाही. म्हणून खेळायचं."

मी विचारलं, या चारशे बारांत काही सारखं आहे का? अप्पांनी नुसती खुर्ची पुढे सरकवली. शोधायला मला तासभर लागला. चौथ्या प्रयत्नात बहुतेक संघ धोका नको म्हणून चेंडू लाथेनं लांब मारून देतात. आम्ही तर एकच यार्ड उरला असला तरी बहुतेक वेळा मारायचो, कारण मागच्या वर्षी हिनानं एकदा लाथ न मारता पळायचा डाव निवडला होता आणि आम्ही हरलो होतो. तेव्हापासून तो आमचा जवळजवळ नियमच झाला होता. निळ्या हंगामांत मात्र फासे असे पडले होते की एक-दोन यार्ड उरल्यावर आम्ही पुष्कळदा पळालो होतो.

म्हणजे कारण सापडलं, असं मला वाटलं. अप्पांनी मान हलवली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच तुला कळलंय. तेवढी एकच गोष्ट बदल, बाकी कशाला हात लावू नकोस, आणि पुन्हा खेळव."

मी नियम बदलला: दोन यार्डांपर्यंत अंतर असेल तर पळायचं. चार मिनिटं लागली. भिंत पुन्हा भरली आणि मी निळे ठिपके मोजून व्हायची वाट पाहत उभी राहिले. अकराशे सदतीस.

पहिल्या तक्त्यात चूक नव्हती. जसं चाललंय तसंच चालू राहिलं तर काय होईल, एवढंच तो सांगत होता. ते 'तर' आम्ही कोणी वाचलंच नव्हतं.

"मनमाड अजूनही त्रेपन्नवर आहे," अप्पा म्हणाले. "ते विसरू नकोस."

मी घरी पोचले तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. आई आणि बाबा ओट्यापाशी वालाच्या शेंगा सोलत होते. बाबांनी विचारलं, कळवलंस का मनमाडला?

"कळवते आता, की मी येत नाही," मी म्हटलं. "मी गारठ्यातच राहणार आहे. पहिलं यायची शक्यता शंभरात अकरा आहे, म्हणजे शिबिर बहुधा हुकेल, ते मला ठाऊक आहे. पण सकाळी ती चारच होती, आई. वरचे सात मी आज दुपारी शोधले, आणि मला अजून शोधायचंय."