तिने वाजवलेली शीळ

"शूऽऽ! पाय वाजवू नका हो!"

झुडपामागून आलेल्या दटावणीने ती इतकी दचकली, की हातातली टेप पडली. ती नामशेष होत चाललेली झाडं मोजणारी, तो तशाच नामशेष होत चाललेल्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या मागावर. दोघांचं ऑफिस एकच, पण ओळख झाली ती अशी... भल्या पहाटे, जंगलात.

मग काय, रोजच जुंपायची.

"तुमचा पक्षी उडून तरी जातो. माझ्या झाडाने पळायचं कुठे?"

"तुमचं झाड दोनशे वर्षं वाट बघेल. माझा पक्षी चार वर्षं गाणार, आणि उत्तर द्यायला कुणी आलंच नाही, तर..." असं म्हणून तो तिच्याकडे असा बघायचा, की तिचे कान तापायचे.

दोन वर्षं त्याला त्या पक्ष्याची शीळ ऐकू आली नव्हती. एका सकाळी तिला लहर आली. झाडाआड लपून तिने फोनवर तीच शीळ वाजवली. बाहेर येऊन बघते तर काय, त्याचे डोळे भरलेले!

"ऐकलंस?" त्याने तिचा हात घट्ट धरला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. तिच्या ओठांवरचं खरं ओठांवरच राहिलं. त्याने वहीत नोंद केली, आणि ती मेली गप्प बसली!

ऑफिसच्या बैठकीत कळलं, यंदा राखणीचा पैसा एकासाठीच, झाडासाठी किंवा पक्ष्यासाठी. त्या एका नोंदीवर पक्षी जिंकत होता. आता तोंड उघडावं, तर झाडांसाठीच उघडलं असं दिसणार. तरी ती उठली.

"साहेब, ती शीळ... माझ्या फोनमधली होती. मी गंमत केली."

त्याने नोंदीवर काट मारली आणि तो बाहेर गेला.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. झाडांसाठी नाही बोलले रे मी..."

"ठाऊक आहे." त्याने खिशातून फोन काढला. "पक्षी सापडला म्हणून आईला सांगून बसलोय. आनंदाने रडली ती. आता काय सांगू?"

"मी सांगते."

"कोण बोलतंय म्हणून सांगशील?"

"तुमच्या मुलाला फसवणारी."

"एवढंच?"

तिचा बांध फुटला. मान खाली घालूनच म्हणाली, "नाही... एवढंच नाही."

त्याने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो" आलं.

"आई," ती म्हणाली, "माझं चुकलं."