उलट्या बाजूचा उजेड

चंद्रवस्तीच्या शाळेत मृण्मयीने मुलांना एक रेखाचित्र वाटलं: खिडकीबाहेरचं विवर, दगड आणि वर पृथ्वी. "दिसतं तसंच रंगवायचं," तिने बजावलं.

सात वर्षांच्या ओवीने दगड उजवीकडून उजळ ठेवले आणि पृथ्वी डावीकडून.

"एकच सूर्य दोघांवर प्रकाश टाकतो ना?" मृण्मयी म्हणाली. "मग पृथ्वीही उजवीकडूनच उजळेल."

"पण बाई, तशी दिसतच नाहीये."

मृण्मयीने वर पाहिलं. ओवीचं बरोबर होतं. तिने बाकीची चित्रं गोळा केली. अकराही मुलांनी हेच रंगवलं होतं.

चित्रं घेऊन ती थेट संपर्क कक्षात गेली. तिचा नवरा उदयन तिथला प्रमुख होता. त्याने चित्रं पाहिली आणि उठून दार लावून घेतलं.

"खिडकीतली पृथ्वी खरी नाही," तो म्हणाला. "ती खिडकी म्हणजे चित्रं दाखवणारी काच आहे. दगड खरे, पृथ्वी वरून उमटवलेली. आपली वस्ती चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे. इथून पृथ्वी कधीच दिसत नाही."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"निघायच्या आधीपासून. पृथ्वी दिसणार नाही असं सांगितलं असतं, तर कुटुंबं आलीच नसती. तूही आली नसतीस."

खरंच आली नसती. आई एकटी मागे राहणार होती. निदान पृथ्वी रोज दिसेल, एवढ्यावरच ती तयार झाली होती. चार वर्षं ती त्या खिडकीशी उभी राहून आईची आठवण काढत होती, आणि हा शेजारी उभा असायचा.

"मग आजच उजेड उलटा कसा झाला?"

उदयन चित्रांकडे बघत राहिला. "आधी पृथ्वीची ताजी छायाचित्रं यायची, तीच काचेवर दाखवायचो. आता जुनी लावतो. या वेळी तारखांचा मेळ चुकला."

"ताजी का येत नाहीत?"

तो चित्रं गोळा करायला लागला. पण इतकी वर्षं संपर्काच्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला ते कुणी सांगायला नको होतं. चंद्र मध्ये असताना पृथ्वीशी सरळ बोलता येत नाही. मध्ये दुवा-उपग्रह लागतो. छायाचित्रं त्यावरूनच येणार, आणि माणसांचे आवाजही.

"दुवा बंद आहे," ती म्हणाली. "कधीपासून?"

"सात महिने. पुढच्या यानातून नवा येईल."

"रविवारी मी आईशी बोलले."

"जुन्या संभाषणांवरून यंत्र तयार करतं ते. चेहरा, आवाज, सगळं. लोक घाबरतील म्हणून..."

"आई कशी आहे, उदयन?"

"माहीत नाही. कुणाचंच काही माहीत नाही."

मृण्मयीने दार उघडलं आणि वस्तीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना सभागृहात बोलावणारी घंटा वाजवली.

"चल," ती म्हणाली. "आत्ता मला जे सांगितलंस, ते त्यांनाही सांग. मी समोर बसते."