सोनगीरकडे झुकलेली रेघ

ऋतिकाच्या हातून नकाशा उडाला, तो थेट एका अनोळखी मुलाच्या तोंडावर जाऊन चिकटला.

जळगावच्या विमानतळावर एप्रिलचा वारा असलाच! कुणाचं काय उचलून कुणाच्या अंगावर टाकील, सांगता येत नाही.

"सरकारी दिसतोय," कागदामागून आवाज आला. "शाईचा वास येतोय."

"द्या इकडे!"

"आधी श्वास तरी घेऊ द्या…"

हा अखिल. धुळ्याच्या धान्यवाल्या मारवाड्यांचा मुलगा, दुसऱ्या विमानशाळेतून बदलून इथे विमान शिकायला आलेला. शिकणाऱ्यांना मुभा होती – सरकारनं छापलेला कागदी नकाशा वापरा, नाहीतर खासगी कंपनीचा टॅबवरचा. अखिलकडे कंपनीचा होता. त्यात आपलं विमान निळ्या ठिपक्यासारखं सरकताना दिसतं. फैजपूरच्या केळीवाल्या तोतारामभाऊंच्या लेकीचा, म्हणजे ऋतिकाचा, त्या ठिपक्यावर भारी जीव. आपण कुठे आहोत ते कुणीतरी सतत सांगत राहावं, एवढंच तर तिला हवं होतं.

कारण ऋतिका घाबरट होती. तोंडावर म्हणू नये, पण होती. पहिल्यांदा एकटी धुळ्याला निघाली, तेव्हा पारोळ्यापाशी खालची शेतं सगळी सारखीच दिसायला लागली, छातीत धस्स झालं आणि बाई माघारी वळल्या! शिकवणारे कॅप्टन जीवराम रागावले नाहीत, तेच वाईट झालं. "आणखी एक संधी देतो," ते म्हणाले. "पुन्हा अर्ध्यातून वळलीस तर शिकणं थांबव, पोरी. एवढी भीती घेऊन आकाशात फिरू नये."

तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

अखिल मात्र रोज हजर. "ऋतिका, तुझा नकाशा दे ना जरा."

"तुझ्याकडे टॅब आहे ना?"

"आम्ही दुकानदार माणसं. दोन्ही माल हाताळल्याशिवाय करमत नाही." आणि मग कागद सोडून तिच्याकडेच बघत बसायचा. तिला ते कळायचं, बरं का… पण कळल्याचं दाखवील ती ऋतिका कसली!

दुसऱ्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्यानं पेन्सिल मागितली आणि तिच्या कागदी नकाशावर जळगावहून रेघ ओढली. रेघ धुळ्याला गेलीच नाही, वर सोनगीरकडे झुकली.

"अरे, धुळं इथं आहे! मला सोनगीरला कुठे पाठवतोस?"

"मुद्दाम. धुळ्यावरच नेम धरलास आणि मुंबई-आग्रा हायवे लागला, पण शहर दिसलं नाही, तर कुठे वळशील? डावीकडे की उजवीकडे?"

तिनं नकाशा दोन्हीकडे फिरवून पाहिला.

"म्हणून आधीच जरा उजवीकडे चुकायचं. हायवे लागला की डोळे मिटून डावीकडे."

"डोळे मिटून?" तिचा आवाज चिरका झाला.

"बरं बाई, उघडे ठेवून!" तो हसला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "उद्या माझा टॅब घेऊन जा. पण हा कागद मांडीखाली दाबून ठेव. शपथ घाल… नाही, शपथ घे."

दुसऱ्या दिवशी अखिल सकाळीच आपलं विमान घेऊन धुळ्याला पोचला. ऋतिकाची पाळी मात्र लांबत गेली आणि ऊन चांगलंच तापलं. ती उडाली. गिरणा मागे पडली, एरंडोल गेलं. निळा ठिपका सरकत होता, तोवर जीव ठिकाणावर होता. पारोळं आलं… आणि टॅबवर तापल्याची खूण चमकली, पडदा काळा झाला.

"नको ना… देवा, आत्ता नको!"

तिनं टॅबवर फुंकर घातली, पदर असता तर वाराही घातला असता. काही उपयोग नाही. चहूकडे धुळीचा पिवळा पडदा, खाली तीच ती एकसारखी शेतं. वळ, माघारी वळ, मन सांगत होतं. वळली असती तर जगली असती, पण पुन्हा कधी उडाली नसती.

तिनं मांडीखालचा कागद ओढला. घामानं ओला झाला होता, तरी पेन्सिलची रेघ जागेवर होती. बोरी नदीचं कोरडं पात्र… आहे, मागे पडलं. तिनं दात आवळले आणि रेघ धरली. किती तरी वेळ काहीच आलं नाही. मग धुळीतून मुंग्यांच्या रांगेसारखे ट्रक दिसले, आणि पुढे टेकडीवर सोनगीरचा किल्ला!

"डावीकडे!" ती एकटीच ओरडली.

ती धुळ्याच्या धावपट्टीवर उतरली. तिथला रखवालदार चिंधाभाऊ आधी बोलला, "हाऊ पोऱ्या सकायपाइन आभायकडेच देखी राहिना. पानी बी पिधं नही."

मागे अखिल, सकाळपासून आभाळाकडे डोळे लावून पांढराफटक झालेला.

"टॅब बंद पडला!" ती त्याच्यावर धावली.

"उन्हात माझाही पडतो कधी कधी."

"मग दिलास कशाला? जीव गेला असता माझा!"

"टॅब दिला नसता तर तू निघालीच नसतीस. म्हणून कागद मांडीखाली…" त्यानं तिच्या हातातल्या ओल्या नकाशाकडे बोट दाखवलं. "ऋतिका, मी फार घाबरलो होतो गं. तुझ्यापेक्षा जास्त."

ती थबकली. "एक सांग. रोज माझा नकाशा कशाला मागायचास?"

"थेट तुझ्यावर नेम धरायची हिंमत नव्हती… म्हणून जरा बाजूनं उडत होतो."

वारा आला. नकाशा पुन्हा उडणार, तोच दोघांनीही तो धरला. जळगावला परत जायचं होतं, भीती काही संपली नव्हती. ऋतिकानं खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात ठेवली.

"परतीची रेघ ओढ," ती म्हणाली. "आणि अखिल… आता बाजूनं उडायचं नाही."