लसादचं अर्धं वाक्य

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कारण ही गोष्ट घडलेली आहे. जिच्या बाबतीत घडली ती एमना माझ्या समोरच्या दारात राहते. लग्न होऊन मी ट्युनिशियात, या स्फाक्स गावात आले, तेव्हापासून तिला ओळखते. बाई इंजिनिअर आहे. डोकं थंड, जीभ तिखट, आणि थाप मारायची म्हटली तरी तिला जमत नाही.

रमजानचे शेवटचे दिवस होते. जागा म्हणजे थीना रस्त्यावरची तिची कंपनी. वेळ म्हणाल तर रात्रीची नाही... रोजा सुटायच्या जरा आधीची.

बाहेर चांगला उजेड होता.

म्हणूनच तर मला जास्त भीती वाटते.

एमनाची कंपनी औषधाचे छोटे पंप बनवते. काही मुलांना सारखं रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात लोह साठत जातं. ते बाहेर काढायचं औषध रात्रभर थेंबाथेंबानं कातडीखाली सोडायचं, हे त्या पंपाचं काम. एमनाची भाची बलकीस अशाच मुलांपैकी. पोरीचा जुना पंप मोडला होता. नव्या पंपांतला पहिला तिच्यासाठी राखून ठेवला होता. फक्त एमनाची सही व्हायची होती.

आणि सही करायला एमनाचा हात धजत नव्हता.

चाचणी चालू असताना एकदा पंप थांबला होता. मोटर बंद... आणि पडद्यावर मात्र 'चालू आहे'.

घंटा नाही. लाल दिवा नाही. काही म्हणजे काही नाही.

"वायर ढिली असेल गं," सी मुन्सिफ म्हणाले. ते तिचे साहेब; 'सी' म्हणजे इथलं 'राव'. "परत झालं का? नाही ना? मग राईचा पर्वत कशाला करतेस? ईदच्या आधी माल जायला हवा."

वायरीवर विश्वास नसलेला आणखी एकच माणूस होता. लसाद.

तो एमनाच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जाड चष्मा, तोंडाला कुलूप म्हणून नाही. कपात कॉफी, कॉफीत जिरेनियमच्या फुलांचं पाणी. सगळा मजला घमघमायचा. नवी पोरं आली की पंपातली चिप कशी चालते ते तोच समजावायचा.

"हे बघा, कामं चार आणि करणारी एकटी. मोटर फिरवायची, पडदा बघायचा, बॅटरीकडे लक्ष ठेवायचं. मध्येच कुणी बटण दाबलं, म्हणजे दार वाजलं. हातातलं काम टाकून उठायचं! पण उठण्याआधी कुठवर आलो होतो त्याची खूण ठेवायची. परत आलं की त्याच खुणेपासून पुढे. मजा काय आहे, ज्या कामाला थांबवलं ना, त्याला कळतच नाही आपण थांबलो होतो. त्याला विचारा, ते म्हणेल, मी? मी कुठे थांबलो?"

पोरं हसायची. एमना म्हणायची, "अरे, आता तू थांब की जरा!"

रमजान लागायच्या थोडं आधीची गोष्ट. लसाद खुर्ची ओढत तिच्याकडे आला. डोळे चमकत होते.

"एमना, सापडलं! वायर-बियर काही नाही. बटण दाबलं, आणि नेमकं त्याच क्षणाला..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा होता. त्यानं बोट वर केलं.

"एक मिनिट हं."

तो बोलत बोलत जिना उतरला. घरी काहीतरी घाईचं काम निघालं होतं, म्हणून तशीच गाडी काढली. गाबेस रस्त्यावरच्या चौकात ट्रकनं उडवलं.

जागच्या जागी गेला बिचारा.

एमना खूप रडली. मग त्याचं अर्धं वाक्य घेऊन बसली. त्याच क्षणाला काय? काय होतं त्या क्षणाला? डोकं फुटायची वेळ आली, पण उत्तर काही मिळेना.

तर, त्या संध्याकाळी ती शेवटची चाचणी लावून एकटीच थांबली होती. बाकी सगळे रोजा सोडायला घरी पळालेले. पहारेकरी सालेमकाका वर डोकावून गेले.

"अगं पोरी, ऊठ आता. शोरबा गार झाला की आई तुझी बिनपाण्यानं करेल."

"पाचच मिनिटं काका."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत!" असं पुटपुटत ते खाली फाटकापाशी गेले. तिथे त्यांचे खजूर आणि ताक मांडून ठेवलेलं असतं.

मजला रिकामा झाला. नुसता पंपाचा आवाज.

टिक... टिक... टिक...

आणि मग तिला वास आला...

कॉफीचा.

दिवसभराच्या उपाशी माणसाला असा वास चटकन येतो. पण रोजाच्या वेळी कॉफी उकळणार कोण? अख्ख्या इमारतीत शेगडी पेटलेली नव्हती. एमनानं नाक वर केलं...

त्या कॉफीत जिरेनियमचं पाणी होतं.

तिनं मान वळवली नाही. समोरच्या पडद्याकडेच बघत राहिली. चिप कोणकोणती कामं करतेय त्यांची नावं तिथे दिसत असतात. मोटर. पडदा. बॅटरी. बटण.

आणि त्यांच्या खाली... 'लसाद'.

ते त्याचं चाचणीपुरतं काम होतं. गंमत म्हणून त्यानं त्याला स्वतःचं नाव दिलं होतं. तो गेल्यावर एमनानं ते स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं. पंपात ते असायलाच नको होतं!

नावापुढे लिहिलं होतं, 'थांबलेलं'.

तिनं पंप बंद करून परत चालू केला.

मोटर. पडदा. बॅटरी. बटण. लसाद.

तिच्या डोळ्यांदेखत शब्द बदलला...

'चालू'.

पंपाची टिकटिक थांबली.

आणि शेजारच्या टेबलावरून, अगदी नेहमीच्या सुरात, जरासं धापा टाकत, कुणीतरी बोलायला लागलं...

"...बॅटरीची सूचनाही आली, तर दोन्ही एकमेकांवर चढतात."

आवाज इतका रोजचा होता की एमना सवयीनं बोलून गेली, "बरं, मग?"

बोलून गेली, आणि मग तिचे हातपाय गार पडले.

"मग काय! खूण ठेवायला जागा कमी दिलीय आपण. मोटरची खूण पुसली जाते. परत उठते ती भलत्याच ठिकाणी. तिला वाटतं आपण फिरतोय. आणि पडदा बिचारा तिचंच ऐकतो. कळलं का?"

तिनं नुसती मान हलवली.

"हे झालं एक. पण एमना, याहून वाईट आहे ते दुसरं. दुसरं म्हणजे, रात्री जेव्हा..."

तिचा फोन वाजला.

टेबलावर थरथरत, कर्कश्श. हयातचा, म्हणजे बलकीसच्या आईचा. एमना तो बंद करायला झेपावली, पण हातातून निसटून तो खाली पडला आणि वाजतच राहिला.

खुर्ची करकरली.

"एक मिनिट हं," लसाद म्हणाला.

"नको! लसाद, जाऊ नकोस! बोल, रात्री काय? काय होतं रात्री?"

तिनं गर्रकन वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. कॉफीचा वास नाही. पडद्यावर चारच नावं.

बाहेर मशिदीत अजान सुरू झाली. सालेमकाका धावत वर आले तेव्हा एमना जमिनीवर बसून रडत होती. पाण्याचा घोटसुद्धा तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी तिनं बटण आणि बॅटरीची सूचना एकाच क्षणी दिली. पंप थांबला. पडद्यावर 'चालू आहे'. तिनं मोटरच्या खुणेला जागा वाढवून दिली आणि पुन्हा तेच केलं. आता मात्र पंप चालत राहिला.

सी मुन्सिफ खूश. "शाब्बास! कसं सापडलं गं?"

"लसादनं सांगितलं."

"अल्ला त्याला जन्नत देवो. मग इतके दिवस बोलली का नाहीस, बये?"

"साहेब, अजून एक चूक आहे. याहून वाईट. सही नको करूया."

"कुठली चूक?"

"माहीत नाही. सांगता सांगता त्याला..."

"त्याला काय?"

एमनानं पंप उचलून परत चाचणीला लावला. काय सांगणार होती?

तिनं शोधायचं म्हणून काही बाकी ठेवलं नाही. ईद झाली तरी सही अडवून धरली. रोज संध्याकाळी फोन घरी ठेवून ती त्या मजल्यावर एकटी बसायची. लसाद काही आला नाही. शेवटी हयातच तिच्या दारात येऊन भांडली. मी माझ्या दारातून सगळं ऐकत होते.

"पोरीचं काळीज लोखंडानं भरत चाललंय! डॉक्टर माझ्यावर ओरडतात. नवा पंप तयार असून तू देत नाहीस? कसली मावशी तू?"

"ताई, मला खात्री नाही गं."

"मग काय चुकतंय ते दाखव मला!"

दाखवायला एमनाकडे काहीच नव्हतं. तिनं सही केली.

आता बलकीस रोज तो पंप लावून झोपते. पोरीच्या गालांवर जरा तेज आलंय, पंप एकदाही अडला नाही, आणि हयात सगळ्यांना बहिणीचं कौतुक सांगत फिरते. एमना मात्र रोज रात्री तिकडेच जाते. पोरीच्या उशाशी बसून टिकटिक ऐकते. डोळ्यांखाली काळं आलंय. मला तिच्याकडे बघवत नाही.

परवा जिन्यात भेटली तेव्हा न राहवून विचारलं, "अगं, अशी किती दिवस जागणार आहेस?"

ती म्हणाली, "त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत."