काशीराम गुरुजींची फाइल

श्रावणातली एक सर नुकतीच ओसरली होती. मालवणहून आलेल्या एसटीतून एक तरुण उतरला आणि छत्री झटकत उभ्या असलेल्या मुलीलाच त्याने विचारलं, "काशीराम गुरुजींची शाळा कुठे आहे?"

नर्मदाने छत्री मिटली. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते, तरी परका माणूसही शाळा त्यांच्याच नावाने विचारत होता.

"चला," ती म्हणाली. "जूनपासून मीच तिथे शिकवते. मुलगी त्यांची."

त्याचं नाव देवेश. शाळेचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला तो कुडाळहून, मालवणला एसटी बदलून आला होता. गावच्या मुंबईकरांनी दिलेला एकुलता एक कॉम्प्युटर. गुरुजी पंचावन्नाव्या वर्षी एका बोटाने त्यावर टाइप करायला शिकले होते. देवेशने डबा उघडला तर आत खाऱ्या हवेचा गंज, आणि तीन दसऱ्यांचं हळदकुंकू. तो हसला, पण कुंकू त्याने फुंकून उडवलं नाही. मऊ ब्रशने कागदावर घेतलं, पुडी बांधली आणि तिच्या हातात ठेवली. तो नर्मदाला तेव्हाच आवडला… पण हे तिने स्वतःशीही कबूल केलं नाही.

डिस्क गेली होती. नवी बसवली की मुलांचं काम चालू होणार होतं, पण बाबांनी जुनीत काय लिहून ठेवलंय ते तिला ठाऊक नव्हतं. ते आता गेलं, तर कधीच कळणार नव्हतं. देवेशने नवी डिस्क बसवली आणि जुनी जपून कुडाळला नेली.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी कीबोर्डची कळ अडायची, कधी माऊस. माऊसला काय झालं म्हणून तिने विचारलं, तर खाऱ्या हवेने सर्दी झाली म्हणाला. माऊस ठणठणीत होता. दोघांनाही ते माहीत होतं.

गणपतीनंतर जुन्या डिस्कवरून एक फाइल निघाली. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम… नुसता कचरा. नर्मदा उठून खिडकीशी गेली.

"गेलंच म्हणायचं," ती म्हणाली.

देवेशने समजावलं, काही गेलेलं नाही. गुरुजींनी ज्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं, तो इथे नाही, म्हणून असं दिसतं. असले फॉन्ट लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे असतात. नेमका कुणाचा, तेवढं शोधायचं. मग खिशात फ्लॉपी घेऊन तो मालवण, सावंतवाडी, वैभववाडी फिरत राहिला.

दिवाळीची सुट्टी संपली त्या शनिवारी तो बांद्याहून थेट शाळेत आला, जेवणखाण न करता. मुलं घरी गेली होती. त्याने फॉन्ट घातला, फाइल उघडली, आणि कचऱ्याचं मराठी झालं.

रोजची एकेक ओळ होती. *आज तेवीस मुले हजर. समुद्र खवळलेला. आज बांगडे स्वस्त.* आणि मग – *रत्नागिरीहून नर्मदेचे पत्र आले. उत्तर कॉम्प्युटरवर लिहिणार होतो, पण बोट अजून चुकते. पोरीला चुकांचे पत्र कसे पाठवू?*

रत्नागिरीला डीएड करताना त्या एका पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून ती महिनाभर रुसली होती. बाबांना तिने कधी कारण विचारलं नव्हतं.

ती रडत असताना देवेश दाराकडे तोंड करून बसून राहिला. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, बांद्याला फॉन्ट सहज दिला का.

"छापखान्याचो मालक माका विचारीत होतो, पत्रिका कोणाची छापूची?" त्याची शाळेतली मराठी कुठल्या कुठे गेली होती.

"मग?"

"म्हटलंय… मुलीक अजून विचारूक नाय."

नर्मदाने डोळे पुसले. पडद्यावरच्या ओळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाबांचा वरीस होवक चार म्हयने आसत," ती म्हणाली. त्याच्याशी पहिल्यांदाच मालवणीत, आणि पहिल्यांदाच अरे-तुरे करत. "थांबतलंस?"

"नऊ छापखान्यात फॉन्ट गावूक नाय, धाव्यात गावलो," देवेश म्हणाला. "माका थांबूक येता गो."