टाकीवरचा उजेड

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि ती आजही त्याच घरात राहते.

मावशी हवामान केंद्रात नोकरीला. आकाशात फुगे सोडायचे, वारा मोजायचा, यात तिची हयात गेली. निवृत्ती जवळ आली तेव्हा साहेबांनी तिच्यावर एक वेगळंच काम सोपवलं. पूर्वी लोकांना आकाशात दिसलेले, कारण न सापडलेले उजेड... त्यांचा पुन्हा एकदा छडा लावायचा.

मावशी खूश. बहुतेक प्रकरणं तिनं चुटकीसरशी निकालात काढली. हा आमचाच फुगा. ते उतरणारं विमान. ही तर साधी शुक्राची चांदणी!

"बायको आकाशातली भुतं उतरवते," काका चहा पिताना हसायचे. "मांत्रिकापेक्षा पगार तेवढा कमी."

एकच प्रकरण सुटेना.

तीसेक वर्षांपूर्वीची शुक्रवारची संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ. मावशीच्याच वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीवर एक पिवळट उजेड येऊन थांबला होता. हलला नाही. वाढला नाही. थोड्या वेळानं विझला. अख्ख्या वसाहतीनं पाहिला होता. मावशीनंसुद्धा, स्वतःच्या गॅलरीतून.

त्या दिवशी फुगा सोडलेला नव्हता. विमान नव्हतं. आभाळ गच्च भरलेलं, म्हणजे चांदणीचाही प्रश्न नाही.

मग मावशी पाहणाऱ्यांनाच भेटायला निघाली.

पहिला भेटला तो म्हातारा शिंपी.

"उजेड आला, उजेड गेला. झालं काहीच नाही बघा," तो म्हणाला. "फक्त आवाज गेला."

"कसला आवाज?"

"सगळाच. मशीन चालू होतं, पाय हलत होता... पण ऐकू काही येईना. खाली पोरांचा कालवा चाललेला, तोही बंद."

"मग?"

"मग आला की परत."

त्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"पण... थोडा कमी."

उठता उठता मावशीची नजर खुंटीवर गेली. एक लहानसा फ्रॉक टांगलेला होता. रंग उडालेला. एक बाही लावायची राहिलेली.

"नातीचा का?"

"छे हो. आम्हाला मूलबाळच झालं नाही. गिऱ्हाईकाचा असेल कुणा." तो फ्रॉककडे बघत राहिला. "पण मी तर जन्मभर पुरुषांचेच कपडे शिवले..."

दुसऱ्या घरी एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि त्याची बायको. दोघंच. त्यानंही तेच सांगितलं. आवाज गेला. परत आला. थोडा कमी.

त्यांच्या माळ्यावर तीन चाकांची सायकल होती. गंजलेली.

"ती घराबरोबरच आली असेल," ड्रायव्हर म्हणाला.

"घर कुणाकडून घेतलंत?"

"घेतलं कुठं? मी स्वतः बांधलंय हे..."



त्याची बायको आतून बाहेर आली. "तुम्ही जा आता," ती म्हणाली. रागानं नाही. हात जोडून.

मावशी घरी आली. डोकं सुन्न झालेलं. अंघोळ केली की बरं वाटेल, म्हणून न्हाणीघरात गेली.

पोटावर साबण लावताना तिचा हात थांबला.

बेंबीच्या खाली एक जुनी, आडवी खूण होती. अपेंडिक्सच्या ऑपरेशनची. कुणी विचारलं तर ती असंच सांगायची.

पण अपेंडिक्स उजवीकडे असतं ना?

ही खूण तर बरोबर मधोमध होती...

तिनं माझ्या आईला फोन लावला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून फोन स्पीकरवर. मी तिथेच बसलो होतो. फोनवरचं सगळं माझ्या कानांनी ऐकलंय.

"ताई, माझं ऑपरेशन कशाचं झालं होतं गं?"

"अपेंडिक्सचं. आज काय हे मध्येच? महिनाभर तुझ्याकडे राहिले होते की मी."

"अपेंडिक्सला महिनाभर?"

आईनं हातातली घडी खाली ठेवली.

"काय करायचीस तू महिनाभर?"

"रात्री जागायचे..." आई हळूच म्हणाली. "मांडीवर घेऊन..."

"काय घेऊन, ताई?"

 आईच्या डोळ्यांना धार लागली.

"आई, का रडतेस?" मी विचारलं.

"माहीत नाही रे. खरंच माहीत नाही."

काका घरी आले तेव्हा मावशीनं त्यांना दारातच विचारलं, "आपल्याला मूल होतं का हो?"

एरवी ते काहीतरी चेष्टा करायचे. त्या दिवशी नाही केली.

त्यांनी तिला हात धरून छोट्या खोलीत नेलं. तिथं जुन्या बॅगा पडून असायच्या. बॅगा सरकवून त्यांनी खिडकी दाखवली.

"हे गज बघ. इतक्या खाली. इतके जवळ जवळ. मोठं माणूस इथून कशाला पडतंय? मीच लावून घेतलेत हे. कशासाठी... ते आठवत नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? एकदा काढायला वेल्डर बोलावला. जिन्यातूनच त्याला परत पाठवला. का, तेही कळलं नाही."

"मुलगा होता की मुलगी?"

काकांना तेही आठवेना. त्यांनी एकेक बॅग उघडायला घेतली.

दोघांनी सगळं घर पालथं घातलं. एक फोटो नाही. एक टोपडं नाही. रडायचं म्हटलं तरी काही उराशी धरावं, असं हाताला लागलं नाही.

मावशी एका डॉक्टरीण बाईंकडे गेली. खूण पाहून त्या म्हणाल्या, "हे बाळंतपणाचंच ऑपरेशन आहे." ऑपरेशन झालं तो जुना दवाखाना केव्हाच पाडलाय. विचारायचं कुणाला?

मावशीनं ऑफिसात लिहून कळवलं, "कारण सापडले नाही." साहेब म्हणाले, "सोडा हो. असतात अशी प्रकरणं."

आता ती निवृत्त झालीय. रोज दिवेलागणीला गॅलरीत उभी राहते आणि हाक मारते. नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतंच...

"चल रे घरात... चल गं घरात... अंधार पडला."

खाली खेळणारी पोरं आधी हसायची. आता हसत नाहीत. हाक आली की खेळ थांबतो. सगळी वर बघतात.

त्यातलं तिचं कुणीच नसतं.

खरं सांगू? तिकडे जायला मला भीती वाटते. पण आईनं पाठवलं, म्हणून मागच्या आठवड्यात गेलो होतो. मावशीनं हाक मारली. काकांनी दार सताड उघडलं. आम्ही तिघं जिन्याकडे बघत उभे.

कुणी आलं नाही.

बराच वेळ गेला. मग काकांनी दार लोटलं. मी कडी घालायला हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "पोरांना उशीर होतो कधी कधी."