धनीरामबाबांची जागल

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर त्यात स्वतःला इतकं मूर्ख दाखवलं नसतं.

रात्र गेल्या दिवाळीनंतरची. ठिकाण, एकोडीच्या अलीकडचा आमचा वृद्धाश्रम. मागच्या भिंतीला लागूनच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं.

मी तिथं स्वयंपाक करते. माझी आई, शकुनबाई, तिथंच राहते. लोक म्हणतात, पोरीनं आईला आश्रमात टाकलं. अहो, मग मीही टाकलेलीच आहे. तिच्या बाजूच्याच खाटेवर झोपते.

म्हणजे... झोपायचे.

म्हाताऱ्यांच्या झोपेचं काय सांगू? दुपारी भिंतीला टेकून डुलक्या, रात्री डोळे टक्क. कोणी खोकतं. कोणी पिशवी उघडतं, बंद करतं, परत उघडतं. आई तर अंधारात भिंत धरून फिरायची.

"रेनू, दार लावलं का वो?"

"लावलं, आई. झोप."

अशीच फिरताना ती दोनदा पडली. डॉक्टर म्हणाले, झोप मिळाली नाही तर पुन्हा पडेल, आणि मग उठणार नाही.

तेव्हाच दिघोरीहून धनीरामबाबा राहायला आले. सारी उमर जागलीत गेलेली. म्हणजे रात्री मचाणावर बसून रानडुकरांपासून धान राखायचं. जागलीचा रिवाज त्यांनीच सांगितला. जागणारा अंधारात हाक देतो. ज्यानं 'हो' दिला, जागल त्याच्याकडे गेली. मगच हाक देणाऱ्यानं झोपायचं. कोणी 'हो' दिला नाही, तर जागत राहायचं.

बाबांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली. मांडीवर काठी.

"झोपा सारे. मी हाओ ना जागलीले."

"इथं कायचे डुक्कर येऊन रायले, बाबा?" आईनं टोमणा मारला.

"डुक्कर नाही येत वो. पन तू झोप."

आणि खरंच, सगळे झोपले! आई चक्क घोरली. मी आधी आनंदानं रडले, मग त्या घोरण्यानं वैतागले.

दिवाळीच्या तोंडावर बाबा गेले.

खुर्चीतच. डोळे उघडे.

आश्रमाची झोप पुन्हा उडाली. आई पुन्हा भिंत धरून फिरू लागली.

मग ती रात्र...

मला जाग आली ती शांततेनं. खोकला नाही. पिशवी नाही. बांधीतले रातकिडेसुद्धा गप्प.

आई खिडकीशी उभी होती. कान देऊन.

आणि भिंतीपलीकडून...

"कोनी हाये का होऽऽ...?"

थकलेला आवाज. ओळखीचा.

"बाबा दमले वो, रेनू," आई पुटपुटली. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

तिला जागल? या वयात? ती तर मरून जाईल!

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि स्वतःच ओरडले,

"हो!"

व्हरांड्यातली खुर्ची करकरली... कोणी उठल्यासारखी.

आई खाटेवर गेली आणि झोपली. उन्हं वर येईपर्यंत.

त्या रात्रीपासून मला झोप नाही. डुलकीसुद्धा नाही. आमची सिस्टर अंजू म्हणते, "ताई, या वयात बायकांची झोप उडतेच." गोळी दिली. गोळी बिचारी काय करणार?

मी त्या खुर्चीत बसते. आत सगळे झोपलेले असतात. आईचं घोरणं ऐकून मन थंड होतं. हाक मलाही देता येते. पण सगळ्यात कच्ची झोप तिचीच. तिनंच 'हो' दिला तर? म्हणून मी तोंड उघडत नाही.

पण काल...

मी ओठ घट्ट मिटून बसले होते. आतून आई झोपेतच बोलली. स्पष्ट.

"हो."

मी हाक दिली नव्हती. देवाशपथ, दिली नव्हती.

आज सकाळपासून माझे डोळे आपोआप मिटू लागले आहेत. उघडे ठेवायला म्हणून हे लिहायला घेतलं. भाजी करपली, तरी उठवत नाही.

आई व्हरांड्यात त्याच खुर्चीत बसली आहे. टक्क जागी. मांडीवर काठी. ती काठी आम्ही बाबांच्या चितेवर ठेवली होती.

"काहून जागून रायली वो, रेनू?" ती म्हणते. "झोप तू. मी हाओ ना..."